संक्रांतीच्या कार्डावरचा भुऱ्या

आमचा भुऱ्या अपशकुनी आहे, हे शोधून काढायला धंतोलीतल्या शिकल्यासवरल्या लोकांना सहा वर्षं लागली. तोवर तो त्याच गल्लीत राहत होता, त्यांच्याच मुलांच्या हातची पोळी खात होता आणि त्यांच्याच बागांत शिरणाऱ्या गाईंना हुसकून लावत होता. त्या सहा वर्षांत कुणाचं काही वाकडं झालं नाही. मी त्याचं चित्र काढलं आणि मग मात्र सगळ्यांना एकदम शास्त्र आठवलं.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. वय एकतीस, लग्न झालेलं नाही, आणि ते का झालं नाही याची चौकशी केली नाही असं गल्लीत कुणी उरलं नसावं. घरात बाबा होते, कोर्टातली कारकुनी संपवून पेन्शनीत बसलेले. थोरला भाऊ विश्वनाथ आमच्या शेजारच्याच बंगल्यात राहणाऱ्या गोपाळराव वकिलांच्या हाताखाली ज्युनियर होता. शिवाय वहिनी. भुऱ्या मी आणलेला. शाळेच्या विहिरीपाशी मातीच्या रंगाचं पिल्लू कुंईकुंई करत होतं, ते पिशवीत घालून आणलं. आई तेव्हा होती. तिने वाटीभर दूध दिलं आणि प्रश्न मिटला.

संक्रांतीला तिळगुळाची कार्डं पाठवायची पद्धत आमच्याकडे घरोघर होती. गावात असेल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवायचा, परगावी असेल त्याला कार्ड धाडायचं. लढाई नुकतीच संपली होती, कागदाची टंचाई होती आणि मुंबईहून येणारी छापील कार्डं त्या वर्षी दुकानांत दिसत नव्हती. खरं सांगायचं तर मला त्याचं दुःख नव्हतं. दर वर्षी तेच कमळ, तोच हलव्याचा लोटा आणि तीच डोळे मिटून हसणारी बाई. मी ठरवलं, यंदा आपली कार्डं आपण करायची.

सीताबर्डीवर देवराव नावाचे म्हातारे पेंटर पाट्या रंगवत. लढाईच्या दिवसांत कामठीच्या छावणीत काम करताना ते रेशमातून छापायची रीत शिकून आले होते. ती त्यांनी मला शिकवली. लाकडी चौकटीवर रेशमी कापड ताणून ठोकायचं. चित्राचा जेवढा भाग छापायचा तेवढा कागदातून कापून काढायचा आणि तो कागद कापडाला खालून चिकटवायचा. वर रंग ओतून रबराच्या पट्टीने एका दमात ओढायचा. कापलेल्या जागेतून रंग कार्डावर उतरतो, बाकी सगळं कोरं राहतं. एका रंगाला एक चौकट. हात मध्येच थांबला की डाग पडतो, म्हणून पट्टी ओढताना श्वास धरायचा, हे देवरावांनी सांगितलं नाही, आपोआप होतं.

रेशीम आणायचं कुठून? आईचं जुनं, विरलेलं सोवळं पेटीत पडून होतं. ते मी फाडलं. बाबांना कळलं तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"सोवळ्यातून कुत्रं छापून राहिली?"

"आईनं त्याला सोवळ्यातच पोळी घातली आहे, बाबा. तिचं सोवळं कधी मोडलं नाही."

बाबा काही न बोलता गेले. आमच्या घरात न बोलता जाणं हा सगळ्यात वापरातला निकाल होता.

चित्र मात्र माझ्या मनात वर्षभर तयार होतं. मागच्या संक्रांतीला वहिनीच्या हातून तिळगुळाचं ताट व्हरांड्यात सांडलं होतं. भुऱ्या धावत आला, ताटापाशी बसला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. एक लाडू त्याच्या पंजाला टेकला होता. मी "घे" म्हणेपर्यंत त्याने तोंड लावलं नाही. एवढा संयम मी लग्नाच्या पंगतीत माणसांमध्ये पाहिलेला नाही. तोच भुऱ्या मी काढला: एक कान दुमडलेला, मान जराशी वाकडी, समोर लाडू. खाली तपकिरी अक्षरांत "तिळगूळ घ्या, गोड बोला." रंग जवसाच्या तेलात घोटले. पहिल्या दिवशी तपकिरी, दुसऱ्या दिवशी पिवळा, तिसऱ्या दिवशी तिळांचे पांढरे ठिपके. व्हरांड्यात दोऱ्या बांधून कार्डं वाळत घातली, तेव्हा सव्वाशे भुऱ्या हवेत डुलत होते आणि खरा भुऱ्या खाली बसून त्यांच्यावर भुंकत होता.

गोपाळराव फाटकातून आत आले ते हसतच. कार्ड हातात घेऊन त्यांनी उजेडात धरलं.

"अरे वा. हा त अगदी आपला भुऱ्या दिसून राहिला. चारू, मले चाळीस लागतील. खाली माझं नाव छाप. वकिलाच्या नावावर एखादा इमानदार प्राणी असला त बरंच दिसते."

हे त्यांचे शब्द. मी त्यांच्या तोंडात घातलेले नाहीत. चाळीस कार्डं त्यांनी स्वतः मागितली, स्वतः मोजून घेतली आणि आपल्या सगळ्या नातलगांना, अशिलांना टपालाने धाडली. त्यातलं एक सावनेरला गेलं. सावनेरच्या एका बड्या जमीनदाराच्या, मालगुजारांच्या, नातवाशी गोपाळरावांच्या कुसुमचं लग्न ठरत आलं होतं. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी गोपाळरावांकडे हळदीकुंकू होतं. त्यांच्या आई रंभाबाई पाटावर बसल्या होत्या. कोनाड्यात माझं कार्ड ठेवलेलं. त्यांनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि सगळ्या बायकांसमोर मला विचारलं.

"काहून वं चारू, यंदाची संक्रांत कुत्र्यावर बसून आली का?"

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. संक्रांत ही देवी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वाहनावर बसून येते, असं पंचांगात लिहिलेलं असतं. कधी हत्ती, कधी वाघ, कधी म्हैस, कधी कुत्राही. ती ज्यावर बसते, जे नेसते, जिकडे पाहते, त्यावर संकट येतं अशी समजूत. संक्रांतीच्या कार्डावर जनावर काढलं म्हणजे रंभाबाईंच्या लेखी मी देवीचं वाहनच घराघरांत पाठवलं होतं.

मी म्हटलं, "आजी, यंदाच्या पंचांगात कुत्रा नाहीच. पाहा ना काढून."

"पंचांगात नव्हता, म्हनून तू काढला."

बायका हसल्या नाहीत. एकीने वाण घेऊन पदर सावरला आणि माझ्यापासून हातभर सरकली. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की सावनेरचे म्हातारे मालगुजार नानाजी विहिरीपाशी घसरून पडले आणि कंबर मोडून अंथरुणाला खिळले आहेत. मग काय विचारता. कार्ड गेलं आणि म्हातारा पडला. दोन दिवसांत दुसरी बातमी आली: सावनेरकरांनी लग्न मोडलं. पांढऱ्या पायाची सून बरी, पण घरात संक्रांत पाठवणारे व्याही नकोत, असं ते म्हणाले म्हणे. कोणाला म्हणाले, कधी म्हणाले, ते कुणी विचारलं नाही.

रंभाबाईंवर मी रागावले, पण त्यांचं मी समजू शकते. त्या मानत होत्या ते खरंच मानत होत्या. माझा संताप झाला तो शनिवारी, गोपाळराव आमच्या बैठकीत येऊन बसले तेव्हा. बाबा आणि भाऊ समोर हात जोडल्यासारखे बसलेले. गोपाळरावांनी शांत आवाजात दोन गोष्टी मागितल्या. मी झाल्या चुकीची माफी लिहून द्यायची. आणि भुऱ्याला नदीपार नेऊन सोडायचं, म्हणजे गल्लीतल्या लोकांच्या मनातलं भय जाईल.

"सहा वर्षं तो तुमच्या फाटकावर राखण करतो आहे," मी म्हटलं.

"त्याचा दोष आहे असं मी कुठं म्हणून राहिलो?"

"मग माझा आहे?"

"चारू," बाबा म्हणाले, "आवाज कमी कर."

भाऊ जमिनीकडे पाहत होता. मी सांगितलं की उद्या रविवार आहे, मी स्वतः सावनेरला जाते, नानाजींच्या पाया पडते, त्यांची समजूत काढते. ते मानले तर लग्नही होईल आणि कुत्राही राहील. गोपाळराव घाईने म्हणाले, "काही जरूर नाही." भाऊही म्हणाला, "तू कशाला जाते?" मला वाटलं, बहिणीची दगदग वाचवतो आहे. माझ्या भाबडेपणाची मला आजही लाज वाटते.

सकाळच्या छिंदवाड्याच्या छोट्या गाडीने मी सावनेरला गेले. नानाजी अंगणात खाटेवर उन्हात पडले होते, आणि खाटेच्या दोन्ही बाजूंना दोन कुत्रे. मी आपलं नाव सांगितलं, कार्ड मीच केलं असं सांगितलं आणि खाली वाकले, तर त्यांनी माझा हात धरून मला वेताच्या मोड्यावर बसवलं.

"तो तुवा कुत्रा आहे? लई गुणी दिसते. मी त ते कार्ड उशाशी ठेवलं आहे."

"पण तुम्ही पडलात ना..."

"मी पडलो संक्रांतीआधीच्या मंगळवारी. कार्ड आलं शुक्रवारी. कार्ड यायच्या आधीच कुत्रा कसा काय पाडते मले?" ते हसले आणि कंबर दुखली म्हणून थांबले.

"मग तुम्ही लग्न काहून मोडलं?"

नानाजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उशाखालून दोन कागद काढले. एक माझं कार्ड. दुसरं पत्र.

"आमी नाही मोडलं वं बाई. दोनी एकाच टपालानं आले. कार्डावर म्हनते गोड बोला, आन पत्रात म्हनते पोरगी देत नाही. तुमच्या वकिलाले आता जबलपूरच्या कोन्या जजाचा पोरगा भेटला म्हनतात."

पत्र मी वाचलं. पत्रिका जुळत नाहीत, क्षमा असावी, वगैरे. खाली गोपाळरावांची सही होती. वरची अक्षरं भावाची होती. लहानपणी ज्या हाताने माझ्या पाटीवर मुळाक्षरं काढून दिली, तीच गोल, सरळ अक्षरं. शुक्रवारी सावनेरला पोचलेलं पत्र त्याने लिहिलं होतं, आणि त्यानंतर आठ दिवस तो माझ्यासमोर मान खाली घालून जेवत होता.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात काय काय बोलत होते, ते लिहिण्यासारखं नाही. घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. फाटक उघडलं तर कुणी धावत आलं नाही. व्हरांड्यात दोरी होती, साखळी होती. भुऱ्या नव्हता.

भाऊ पाय धूत होता. त्याच्या धोतराच्या काठाला वाळू लागलेली होती.

"कुठं सोडलास?"

"नदीपार."

"लग्न कुणी मोडलं ते तुला ठाऊक होतं. पत्र तू लिहिलंस."

"मी लिहिलं नाही, त्यांनी सांगितलं ते उतरवलं." त्याने टॉवेल घेतला. "माझी वकिली त्यांच्या जिवावर चालून राहिली, चारू. तुले कळत कसं नाही?"

मला सगळं कळत होतं. मी तशीच चपला घालून गोपाळरावांच्या बैठकीत गेले आणि मंगळवार, शुक्रवार, टपाल, पत्र, सगळं त्यांच्यासमोर मांडलं. जन्मभर साक्षीदारांच्या तारखा पकडणारा माणूस. त्यांनी एक शब्द नाकारला नाही.

"तू म्हणते ते खरं आहे," ते म्हणाले. "पण मी लग्न मोडलं हे लोकांत पसरलं, त बोट कुसुमकडे दाखवतील. पोरीत काही खोट असेल म्हणतील. त्यापेक्षा नाव कुत्र्यावर गेलेलं बरं. कुत्र्याले काय अब्रू असते?"

"आणि माझ्यावर?"

ते चष्मा पुसू लागले. कुसुम आतल्या दारात उभी होती. तिला सावनेरचा मुलगा हवा होता की जबलपूरचा, हे त्या घरात कुणी विचारलं नव्हतं, आणि रागाच्या भरात मीही विचारलं नाही. ते मला नंतर लागून राहिलं.

भुऱ्याला कुठे नेलं ते वहिनीने सांगितलं, पोळ्या लाटता लाटता, तोंड वर न करता. "मौद्याले. कन्हानच्या पलीकडे."

त्या आठवड्यात शाळेतून आले की मी चौकटी काढून बसे. तेच रेशीम, तोच भुऱ्या. कार्डाचा कागद संपला होता, म्हणून मुलींच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर एकाच तपकिरी रंगात छापला. खालची अक्षरं झाकून टाकली. गोड बोलायची माझी इच्छा उरली नव्हती. पुढच्या रविवारी भंडाऱ्याच्या सर्व्हिस मोटारीने मौद्याला उतरले आणि बाजारात दिसेल त्याच्या हातात कागद देत सुटले. वाचायची गरज नव्हती. लोक चित्र पाहत, मान हलवत आणि पुढच्याला देत. दुपारी एका मिरच्या विकणाऱ्या म्हाताऱ्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हा त भागीरथाबाईच्या वावरात आहे. कान असाच मोडेल आहे त्याचा."

वावर नदीकाठी होतं. तुरीच्या शेंगा तोडून ढीग घातला होता आणि ढिगापाशी भुऱ्या बसला होता. मला पाहून तो जो धावला तो माझ्या अंगावरच आदळला. मी मातीत बसले, तो माझं तोंड चाटत होता, ओरडत होता, पुन्हा चाटत होता. मी रडले. त्याच्या पायाला कापडाची चिंधी बांधलेली होती, हळद लावून.

भागीरथाबाई विळा हातात घेऊन उभ्या होत्या, चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"चितर तुमी काढलं?"

"हो."

"एवढं मन लावून काढलं, मंग टाकला काहून?"

"मी नाही टाकला. भावानं टाकला. मी घरी नव्हते."

"पान्यातून काढला मी याले. नदी पोहून तिकडेच जाऊन राहिला होता." त्यांनी विळा कमरेला खोचला. "घर कोनाचं?"

"वडिलांचं. भाऊ सांभाळतो."

"मंग उद्या कोनी बिमार पडलं, कोनाची गाय मेली, त पुन्हा सोडतीन ना याले? तवा तुमी काय करान?"

पंधरा दिवस मी सगळ्यांना प्रश्न विचारत होते. कुणाजवळ उत्तर नाही म्हणून जळत होते. आता मला एक विचारला गेला आणि मी मातीत बसून राहिले. काय केलं असतं? ओरडले असते. चपला घालून कुणाच्यातरी बैठकीत गेले असते. परत येऊन त्याच स्वयंपाकघरात, त्याच पाटावर जेवले असते. रोज जेवतच होते.

"चार दिवस ठेवाल याला?" मी म्हटलं. "मी खोली पाहून येते."

"आन नाही आल्या त?"

"तर तुमचा."

त्यांनी मान हलवली, पण विश्वास ठेवला असं वाटलं नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी भुऱ्याला गळ्यात हात घालून धरून ठेवलं.

आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या जयवंताबाई सीताबर्डीवर एकट्या राहत. मी आणि भुऱ्या राहायला येऊ का, असं मी त्यांना विचारलं. "चावते का?" त्या म्हणाल्या. नाही म्हटलं. "मी चावते, हे त्याले सांगून ठेवा," म्हणाल्या आणि पलंग भिंतीला सरकवून माझ्यासाठी जागा केली.

चौथ्या दिवशी मी मौद्याला जाऊन भुऱ्याला घेऊन आले आणि स्टँडवरून टांगा केला तो थेट धंतोलीला, माझी ट्रंक आणि चौकटी घ्यायला. भाऊ फाटकात आला.

"त्याले आत आणू नको."

"तो टांग्यातच बसेल. मी सामान घेऊन जाते आहे."

"कुत्र्यासाठी घर सोडून राहिली? लोक काय म्हणतील?"

"आज गोपाळरावांना कुत्रा अडचणीचा झाला, तो तू नदीपार सोडलास," मी म्हटलं. "उद्या मी अडचणीची झाले, तर मला कुठं सोडशील, ते ठरलं आहे का?"

त्याने टांग्याकडे पाहिलं, गोपाळरावांच्या व्हरांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मी आत गेले. ट्रंक टांगेवाल्याने उचलली. चौकटी मी स्वतः घेतल्या, काखेत धरून. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात डोळ्यांना पदर लावून उभी होती. बाबा आरामखुर्चीत होते, शाल पांघरून, वर्तमानपत्र तोंडासमोर. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी कागद खाली घेतला नाही. मी उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. मी थांबले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

"जाताना दार ओढून घे," बाबा म्हणाले. "गार वारा येऊन राहिला."

मी दार सताड उघडं ठेवून निघाले.